हाड बसवताना वेदना का सोसावी?

धार येथे सार्वजनिक-खासगी भागीदारीतून वैद्यकीय महाविद्यालय उभारण्याचा मध्य प्रदेश सरकारचा निर्णय पवारांच्या या जुन्या संस्थानी नगरीसाठी महत्त्वाचा आहे. अशा निर्णयानंतर चर्चा रंगते ती जागा, खाटा आणि शुल्क यांची. जिल्हा रुग्णालयाची खरी कसोटी मात्र अपघात विभागात लागते, आणि तिचे एक साधे माप आहे: मनगट मोडून आलेल्या माणसाचे हाड बसवताना त्याला किती वेदना सोसाव्या लागतात?

पावसाळ्यात अंगणात घसरलेली वृद्धा असो वा दुचाकीवरून पडलेला तरुण, पडताना माणूस तळहात टेकवतो आणि अंगठ्याच्या बाजूचे हाड मनगटाजवळ मोडते. डब्लिनचे शल्यचिकित्सक अब्राहम कोलीस यांनी क्ष-किरणांचा शोध लागण्यापूर्वी, १८१४ मध्येच, या इजेचे वर्णन केले होते. सरकलेले हाड ओढून जागेवर आणावे लागते. वेदनेने स्नायू आखडतात, हाड अर्धवट बसते, मग ते पुन्हा ओढावे लागते किंवा प्रकरण शस्त्रक्रियेपर्यंत जाते. म्हणजे वेदनाशमन हा केवळ भूतदयेचा विषय नाही; तो उपचाराचाच भाग आहे.

यासाठी मार्ग अनेक आहेत. सर्वांत सोपा म्हणजे मोडलेल्या जागी साचलेल्या रक्तातच लिग्नोकेनचे इंजेक्शन देऊन काही मिनिटे थांबणे. दुसरा, जर्मन शल्यचिकित्सक ऑगस्ट बीअर यांनी १९०८ मध्ये मांडलेला: दंडाला हवेचा पट्टा आवळून शिरेतून बधिर करणारे औषध सोडायचे, म्हणजे पट्ट्याखालचा सारा हात बधिर होतो. यात पट्टा वेळेआधी सुटला तर औषध एकदम हृदयाकडे धाव घेते. म्हणून किमान २० मिनिटांचा नियम पाळावा लागतो, आणि ब्युपिव्हाकेन हे औषध येथे वर्ज्य आहे. तिसरा मार्ग केटामाइनचा, विशेषतः लहान मुलांसाठी. त्यात श्वासोच्छ्वास बहुधा टिकून राहतो, तरीही प्राणवायू, देखरेख आणि श्वसनमार्ग सांभाळणारा प्रशिक्षित हात जवळ असलाच पाहिजे.

ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांत प्रौढांसाठी बीअर यांच्या पद्धतीचा विचार करावा असे सुचवले आणि नायट्रस ऑक्साइड व प्राणवायू यांच्या मिश्रणावरच विसंबून हाड बसवू नये असे स्पष्ट केले. त्याच सूचनांतील एक वाक्य आपल्याकडे अधिक मोलाचे आहे: हे काम या तंत्रात प्रशिक्षित व्यक्तीने करावे, ती भूलतज्ज्ञच असली पाहिजे असे नाही.

आपल्याकडे नेमकी हीच गाठ सुटलेली नाही. लिग्नोकेन आणि केटामाइन ही दोन्ही औषधे भारताच्या अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत आहेत, आणि लिग्नोकेन तर अगदी स्वस्त आहे. केटामाइन २०१३ पासून औषध नियमांच्या ‘एक्स’ अनुसूचीत गेल्याने त्याची नोंद आणि साठवण काटेकोर झाली. मॉर्फिनसारख्या औषधांसाठी अमली पदार्थविरोधी कायद्यात २०१४ मध्ये दुरुस्ती होऊन परवान्यांची गुंतागुंत कमी करण्यात आली. गैरवापर रोखणे आवश्यकच आहे. पण कुलपाची किल्ली रात्रीच्या पाळीत कोणाकडे, हे ठरलेले नसेल तर नियमाचा भार रुग्णाच्या हातावर पडतो.

भूलतज्ज्ञ नसताना ड्यूटीवरील डॉक्टरासमोर मग दोनच वाटा उरतात: एखादे वेदनाशामक इंजेक्शन देऊन हात ओढणे, किंवा रुग्णाला पुढे पाठवणे. धारहून इंदूर सुमारे ६५ किलोमीटर, देवासहून सुमारे ३५. गरीब कुटुंबाला तो प्रवास म्हणजे बुडालेली मजुरी आणि भाड्याची गाडी. त्यातून काही जण हाडवैद्याकडे वळतात. तेथे घट्ट बांधलेल्या पट्ट्यांनी रक्तपुरवठा थांबला तर हात कायमचा निकामी होऊ शकतो.

उपाय नवा शोधायला नको. प्रसूतीतील मृत्यू रोखण्यासाठी सरकारने एमबीबीएस डॉक्टरांना भूल देण्याचे मर्यादित कौशल्य शिकवण्याचा कार्यक्रम देशभर राबवला. सिझेरियनसाठी जे शक्य झाले, ते मनगटासाठी अशक्य कसे? पहिल्या पद्धतीचे प्रशिक्षण तर त्याहून कितीतरी सोपे आहे. प्रत्येक अपघात विभागात लेखी कार्यपद्धती, औषधांचा सज्ज संच, ऑक्सिमीटर, आणि हाड बसवण्यापूर्वी व नंतर वेदनेची ० ते १० अशी नोंद, एवढ्याने सुरुवात होऊ शकते. नोंद होत नाही त्या वेदनेचा जाब कोणी विचारत नाही.

गोव्याने हे दूरच्या माळव्याचे दुखणे समजू नये. काणकोणहून बांबोळी धार-इंदूर इतकीच दूर आहे. अंतरे आटोक्यात आणि रुग्णालये मोजकी असल्याने सर्व सरकारी रुग्णालयांत एकच कार्यपद्धती लागू करणे छोट्या राज्याला मोठ्या राज्यापेक्षा सोपे जाईल. धारचे महाविद्यालय उभे राहून तेथून डॉक्टर बाहेर पडण्यास वर्षे लागतील. लिग्नोकेनची कुपी आणि ती वापरू शकणारा हात यांना तेवढी वाट पाहण्याचे कारण नाही.