उत्तर आलं, पण गणित कुठंय?

संध्याकाळी इकडे कुकरची शिट्टी होते, तिकडे लेक मोबाइलवर गणितं सोडवत असते. "झालं का गं?" विचारलं की उत्तर येतं, "हो आई, दहापैकी आठ बरोबर!" मग उरलेली दोन? ती कुठं चुकली हे ना तिला सांगता येत, ना आपल्याला. पडद्यावर नुसतं उत्तर टाकलेलं. हातचा राहिला की चिन्ह चुकलं, काहीच कळायला मार्ग नाही.

मैत्रिणींनो, गणित ही मुळात हातानं मांडायची गोष्ट. वर ६, खाली २+१ असा अपूर्णांक वहीत लिहिला की मधली रेघच सांगते, छेद ३ आहे. उत्तर २. तेच कंस न देता ६/२+१ असं टाइप केलं की यंत्र म्हणतं ४! पोरीला गणित येत होतं, चुकलं ते टायपिंग.

म्हणून बोटानं किंवा पेननं लिहिलेलं वाचणारी सॉफ्टवेअर बरी. अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या संशोधकांनी बीजगणित शिकणाऱ्या मुलांवर असा प्रयोग केला. २००७ साली त्यांनी निष्कर्ष मांडले. हातानं लिहिणाऱ्यांना टाइप करणाऱ्यांच्या जवळजवळ निम्माच वेळ लागला, आणि शिकण्यात ती मुलं मागे पडली नाहीत.

पण दोन गोष्टी बघून घ्या. एक, ते मराठी अंक वाचतं का? आपला ४ इंग्रजी आठसारखा दिसतो, १ इंग्रजी नऊसारखा. यंत्राची फसगत व्हायची आणि बोलणी लेकरानं खायची! दुसरी, ते पायऱ्या लिहू देतं की स्वतःच सोडवून मोकळं होतं? आयपॅडवर २०२४ पासून अशी सोय आली आहे, की गणित लिहून बरोबरचं चिन्ह काढलं की उत्तर आपोआप उमटतं. वाणसामानाच्या हिशेबाला हे ठीक, पण शिकणाऱ्या मुलाच्या हातातला घास काढून घेतल्यासारखंच ते.

आपली दहावी होऊन वीस वर्षं झाली असतील, सूत्रं आठवत नसतील. तरी पायऱ्या समोर असल्या की वजाबाकीतली चूक कुठल्याही आईला दिसते. तेव्हा महागडं काही नसलं तरी मोबाइलशेजारी एक कच्ची वही ठेवाच. आणि "किती आले?" विचारण्याआधी म्हणा, "कसं केलंस, दाखव बघू."