उन्हाने पोळलेले अंग व घरचा उपचार

चांदूर बाजार तालुक्यातील संत्रा बागाईतदार उन्हाळ्यात आपल्या झाडांची जी काळजी घेतो ती वाखाणण्यासारखी असते. नव्या कलमांना तो तुराट्यांची किंवा गवताची सावली करतो, आळ्यात काडीकचऱ्याचे आच्छादन घालतो आणि पाण्याची पाळी चुकू देत नाही. त्याच बागेत ओलीत करणारा मजूर मात्र भर दुपारी उघड्या पाठीने राबत असतो. सायंकाळी पाठ लाल होऊन तिची आग होऊ लागली म्हणजे घरात हाती लागेल ते तीवर चोपडले जाते. कलमाच्या बाबतीत जो विचार होतो तो माणसाच्या बाबतीत होऊ नये, हे योग्य नव्हे.

वऱ्हाडचे ऊन साधे नाही. हा मुलूख सुमारे 21 उत्तर अक्षांशावर असल्यामुळे मे महिन्याच्या अखेरीस मध्यान्हीचा सूर्य अगदी माथ्यावर येतो. लोक ज्यांना नवतपा म्हणतात ते दिवस हेच. सन 2024 च्या मे महिन्यात तर शेजारच्या अकोला जिल्ह्यात उष्णतेमुळे जमावबंदीचे कलम 144 लागू करावे लागले होते. परंतु कातडी पोळते ती केवळ उष्णतेने नव्हे, तर सूर्यप्रकाशातील अतिनील किरणांनी. हे किरण अंगास जाणवत नाहीत. म्हणूनच वारा सुटला असता किंवा विरळ ढग आले असता माणूस गाफील राहतो. शिवाय लाली काही तासांनी उमटते व साधारणपणे 12 ते 24 तासांपर्यंत वाढत जाते. तेव्हा सायंकाळी जेवढे दिसते तेवढ्यावर भागले असे समजू नये.

उपचार सोपा आहे. रोग्यास प्रथम सावलीत घ्यावे. पोळलेल्या भागावर साध्या थंड पाण्यात भिजविलेले स्वच्छ सुती फडके दहा-पंधरा मिनिटे ठेवावे व दिवसातून अनेक वेळा तसे करावे. बर्फ लावू नये; आधीच दुखावलेल्या कातडीस त्याने अधिक इजा होते. अंगावर सैल सुती वस्त्र असावे. पाणी व ताक वरचेवर प्यावयास द्यावे. अशक्तपणा वाटत असल्यास एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर व अर्धा चमचा मीठ विरघळवून ते थोडे थोडे पाजावे. कातडी फुटलेली नसेल तर कोरफडीचा स्वच्छ गर लावल्यास आराम वाटतो. ठणक्यासाठी योग्य मात्रेत पॅरासिटामॉल चालते. फोड आल्यास ते फोडू नयेत. फोडावरची कातडी हीच जखमेची उत्तम पट्टी होय.

तूप, तेल, चुना, दातांची पेस्ट यांपैकी काहीही लावणे अहितकारक आहे. त्यांनी उष्णता कोंडते, आग वाढते किंवा जखम दूषित होते. लिंबाविषयी विशेष सावध राहावे. पुष्कळ घरी लिंबू थंड म्हणून अंगास चोळतात. परंतु लिंबाचा, विशेषतः त्याच्या सालीचा, रस अंगावर असताना ऊन लागले तर कातडी अधिकच भाजते, फोड येतात व काळे डाग महिनोन् महिने राहतात. लिंबे तोडणाऱ्यांनी व सरबत करणाऱ्यांनी उन्हात जाण्यापूर्वी हात साबणाने धुवावेत. डॉक्सिसायक्लीनसारख्या काही औषधांनीही ऊन अधिक बाधते.

घरच्या उपचारास मर्यादा आहे आणि ती ग्रामसेवक व आशा सेविका यांनी घरोघर सांगितली पाहिजे. अंगाच्या मोठ्या भागावर फोड, हुडहुडी, ताप, उलट्या, किंवा तान्ह्या मुलाचे अंग पोळलेले असेल तर विलंब न करता प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा चांदूर बाजारच्या ग्रामीण रुग्णालयात न्यावे. मनुष्य बरळू लागला वा त्याची शुद्ध हरपली तर तो उष्माघात समजावा. 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी, ती येईपर्यंत सर्वांगावर पाणी शिंपडून वारा घालावा, आणि बेशुद्धाच्या तोंडात पाणी मुळीच घालू नये.

मात्र खरा दोष कामाच्या वेळेचा आहे. पहाटे सहापासून अकरापर्यंत व पुन्हा चारनंतर काम ठेवल्यास मजुरी बुडते, असे काही मालक म्हणतात. दुपारी अर्ध्या वेगाने चाललेल्या कामाचा हिशेब ते धरीत नाहीत. पोळलेल्या पाठीचा मजूर पुढचे चार दिवस येत नाही, तो खाडा कोणाच्या खाती मांडावयाचा? कृषिपंपाची वीज दुपारीच आली तर ओलीत त्याच वेळी करावे लागते, ही अडचण खरी आहे. अशा वेळी डोक्यास व मानेस पांढरा दुपट्टा आणि अंगात पूर्ण बाह्यांचा सुती सदरा असलाच पाहिजे. महागड्या मलमापेक्षा राबणाऱ्याला हेच परवडते. धुऱ्यावरील झाडाखाली मालकाने पाण्याचा माठ ठेवावा आणि तो दुपारी कोणी भरावयाचा, हे सकाळी कामास लागतानाच ठरवून द्यावे.