न दिलेली परीक्षा

सहामाही परीक्षा आटोपून मुले सुट्टीला लागतात त्याच सुमारास दिवाळी अंक घरात येतात. म्हणून यंदा परीक्षेविषयीच लिहितो. पण जी आपल्या देशाने एकदा देऊन पुढे टाळली, तिच्याविषयी. ओईसीडी ही संघटना २००० पासून निरनिराळ्या देशांतल्या पंधरा वर्षांच्या विद्यार्थ्यांची वाचन, गणित आणि विज्ञानात 'पिसा' चाचणी घेते. २००९ च्या फेरीला जोडून तमिळनाडू आणि हिमाचल प्रदेश तिला बसले. दोन्ही राज्ये शिक्षणात पुढारलेली, तरी सत्तरहून अधिक सहभागींच्या यादीत किर्गिझस्तानच्या सोबतीने तळाशी राहिली. प्रश्न आपल्या मुलांच्या परिसराला धरून नाहीत, असे म्हणत सरकारने पुढच्या फेऱ्यांतून अंग काढून घेतले.

हा आक्षेप तपासण्यासाठी पिसाचाच एक गाजलेला प्रश्न घेऊ. सारख्या जाडीचे दोन गोल पिझ्झे. एकाचा व्यास ३० सेंटीमीटर, किंमत ३० झेड. दुसऱ्याचा व्यास ४०, किंमतही ४०. कोणता घेणे परवडेल? (झेड हे चलन काल्पनिक, कोणत्याच देशाला झुकते माप नको म्हणून.) पिझ्झ्याऐवजी भाकरी घातली तरी गणित तेवढेच अवघड राहते. वर्तुळाच्या क्षेत्रफळाचे सूत्र आपल्या मुलांना तोंडपाठ असते. ते इथे लावायचे, हे मात्र प्रश्नात कुणी सांगत नाही. शिवाय परदेशी चाचणीवर विश्वास नसेल, तर 'प्रथम' या संस्थेची 'असर' पाहणी अस्सल देशी आहे, स्थानिक भाषेत आणि घरोघरी जाऊन केलेली. २०१८ मध्ये ग्रामीण भागातल्या पाचवीच्या जेमतेम निम्म्या मुलांना दुसरीचा मजकूर वाचता आला होता.

क्रमवारीवरचा आक्षेप मात्र मला पटतो. २००९ मध्ये पहिले आलेले शांघाय म्हणजे चीन नव्हे, एक श्रीमंत शहर. २०१२ मध्ये व्हिएतनामने कित्येक धनाढ्य देशांना मागे टाकले खरे, पण तिथली बरीच पंधरा वर्षांची मुले तोवर शाळेबाहेर पडली होती आणि पिसा गाठते ती शाळेतल्याच मुलांना. तेव्हा क्रमांकाचे सुतक नको, निकालातून काय उमगते ते पाहावे. जर्मनीला २००१ मध्ये सरासरीखालचे गुण झोंबले, त्याहून अधिक झोंबली सुखवस्तू आणि गरीब घरांतल्या मुलांमधली दरी. तिथे वृत्तपत्रांतून गदारोळ झाला, पण चाचणी कुणी सोडली नाही; पूर्ण दिवसाच्या शाळांसाठी केंद्राने चार अब्ज युरो काढले, राज्यांनी समान शैक्षणिक मानके ठरवली.

आपण २०१९ मध्ये पुढच्या फेरीसाठी पुन्हा तयारी दाखवली, ती चंडीगड, केंद्रीय विद्यालये आणि नवोदय विद्यालये एवढ्यांपुरती. करोनामुळे ती फेरी २०२२ वर गेली आणि भारत तिच्यात उतरलाच नाही. उतरला असता तर निकाल बराही लागला असता, कारण नवोदयची मुले प्रवेशपरीक्षा घेऊनच निवडलेली असतात. तालुक्याच्या साध्या शाळेत नववी-दहावीच्या मुलांचे घोडे नेमके कुठे अडते, हे त्यातून कळण्याची सोयच ठेवली नव्हती.