चिठ्ठीआधीचे उपचार

मुंबईच्या वाचकास लालबाग हे नाव उच्चारताच गिरण्यांची धुराडी आणि गणेशोत्सवातील रांग आठवते. याच नावाची दुसरी एक वस्ती मध्य प्रदेशात, तापीकाठच्या बऱ्हाणपूर शहराला लागून आहे. कापडाची गिरणी तेथेही उभी राहिली, मराठी बोलणारी घरे त्या परिसरातही पिढ्यान्‌पिढ्या नांदत आहेत आणि बऱ्हाणपूरचे रेल्वेस्थानकही याच लालबागेत आहे. या दोन्ही लालबागांत मध्यरात्री एखाद्या दोन वर्षांच्या मुलास धाप लागली अशी कल्पना करावी. मुंबईचा बाप मूल उचलून परळला धावतो. १९२६ पासूनचे केईएम आणि १९२९ पासूनचे वाडिया बाल रुग्णालय त्याला हाकेच्या अंतरावर आहे. बऱ्हाणपूरचा बाप जिल्हा रुग्णालय गाठतो आणि तेथे काम भागले नाही, तर त्याच्यापुढे तीन वाटा उरतात: खंडवा सुमारे ७०, जळगाव सुमारे १०० आणि इंदूर सुमारे १८० किलोमीटर.

प्रत्येक जिल्ह्यात एक वाडिया उभारा, अशी मागणी आम्ही करीत नाही. भूगोलाशी भांडण्यात अर्थ नसतो. आमचा प्रश्न एवढाच आहे की, ही ७० किंवा १८० किलोमीटरची वाट सुरू होण्यापूर्वी, पहिल्या दारात, त्या मुलासाठी काय केले जाते?

मूल घेऊन प्रथमच कॅज्युअल्टीत शिरणाऱ्या आईबापांस तेथील रीत ठाऊक नसते. त्यांची समजूत असते की येथेही रेशनच्या दुकानाप्रमाणे आधी आला त्याचा नंबर आधी. वस्तुतः तेथे रांग आजाराच्या गांभीर्याने लागावयास हवी. ज्याचा श्वास अडतो आहे, ओठ-जीभ निळसर पडली आहे, हातपाय गार झाले आहेत, ज्यास झटके येत आहेत, जे हाक मारूनही डोळे उघडत नाही किंवा जुलाबांनी ज्याचे डोळे खोल गेले आहेत, त्या मुलास केसपेपराची वाट न पाहता आत घेतले पाहिजे. त्यामागोमाग दोन महिन्यांखालील अर्भके, भाजलेली मुले आणि पोटात विष गेलेली मुले. बाकीच्यांनी थांबावयाचे. मोठ्याने रडणारे मूल पाहून लोक वाट करून देतात. पण पुष्कळदा अधिक धोक्यात असते ते आईच्या खांद्यावर निपचित पडलेले, न रडणारे मूल. ही पारख जागतिक आरोग्य संघटनेने ठरवून दिलेली आहे आणि तिला यंत्रसामग्री जवळजवळ लागत नाही. दारात बसलेली एक जाणती परिचारिका पुरते. आफ्रिकेतील मलावी हा काही श्रीमंत देश नव्हे. तेथील ब्लँटायरच्या रुग्णालयाने ही पद्धत अंगीकारली तेव्हा दाखल मुलांतील मृत्यूंचे प्रमाण निम्म्याच्या आसपास उतरले. आमच्याकडे या शास्त्रीय रांगेत एक देशी सुधारणा झाली आहे. नगरसेवकाचा फोन आला की साधा पडसेवाला पुढे सरकतो!

आत गेल्यावर पहिली पाच-दहा मिनिटे आईबापांस गोंधळाची वाटतात. मुलाचे कपडे काढतात, त्याचे वजन करतात, बोटाला टोचून रक्तातील साखर पाहतात, नाकाशी प्राणवायूची नळी लावतात आणि शीर सापडेपर्यंत दोन-तीनदा सुई टोचतात. बापाला वाटते, औषध सोडून हे काय चालले आहे? परंतु मुलांच्या औषधाची मात्रा वजनावर ठरते आणि बेशुद्ध मुलाची साखर उतरलेली असेल तर ती भरून काढणे हेच औषध असते. हे दोन शब्दांत सांगणारे कोणी तेथे नसते, म्हणून आरडाओरड होते आणि पुढे डॉक्टरांवर हात उचलण्यापर्यंत मजल जाते.

या घाईत एक कागद मात्र विलक्षण वेगाने तयार होतो, आणि तो म्हणजे दुसरीकडे नेण्याची चिठ्ठी. ‘रेफर केले’ हा शब्द आता खेड्यापाड्यांतील निरक्षर आजीलाही पाठ आहे. मोठ्या रुग्णालयाकडे पाठविणे गैर नव्हे. कित्येकदा ते प्राण वाचविणारेच असते. पण श्वास न सावरता, झटके न थांबविता हाती दिलेली चिठ्ठी ही सभ्य भाषेतील हकालपट्टी होय. सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये परमानंद कटारा खटल्यात जीव वाचविणे हे प्रत्येक डॉक्टरचे पहिले कर्तव्य ठरविले. पुढे १९९६ मध्ये, आगगाडीतून पडलेल्या बंगालमधील एका मजुरास एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी परत पाठविल्याच्या प्रकरणी, वेळेवर उपचार नाकारणे हा जगण्याच्या हक्काचा भंग असल्याचा निवाडा दिला. खाट नाही, साधन नाही, या सबबी तेव्हाही मांडल्या गेल्याच होत्या.

साधने तुटपुंजी असताना काय करता येते, याचा दाखला शोधावयास आम्हांस कोकणाबाहेर जाण्याचे कारण नाही. महाड तालुक्यातील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉ. हिंमतराव बावस्कर काम करू लागले तेव्हा लाल विंचू चावलेली मुले घामाने चिंब होत, फुप्फुसांत पाणी भरून मरत. शंभरांत चाळीस जावीत अशी ती स्थिती होती. बावस्करांनी मुलांच्या उशाशी रात्री जागून लक्षणे टिपली, रक्तदाबावरील प्राझोसिन हे स्वस्त औषध वापरून पाहिले आणि हे प्रमाण शंभरांत एकाच्या घरात आणले. १९८०च्या दशकात ‘लॅन्सेट’ने त्यांचे लेख छापले, पद्मश्री मिळावयास २०२२ साल उजाडले. त्या मुलांना मुंबईची चिठ्ठी देऊन मोकळे होणे सोपे होते. बहुतेकांनी वाटेतच डोळे मिटले असते.

उलट बाजूचा दाखला २०२५ चा आहे, आणि तो मध्य प्रदेशातीलच आहे. छिंदवाडा जिल्ह्यातील परासियाच्या परिसरात साध्या सर्दी-तापाची मुले एकाएकी लघवी बंद होऊन अत्यवस्थ होऊ लागली. आईबापांनी राज्याची सीमा ओलांडून त्यांना नागपूरला आणले. वीसहून अधिक मुले दगावली. तमिळनाडूत तयार झालेल्या ‘कोल्ड्रिफ’ या खोकल्याच्या औषधात डायएथिलीन ग्लायकॉल हे विष ४८.६ टक्के निघाले. दोषी औषध बनविणारे आणि ते तपासणीविना बाजारात जाऊ देणारे, यांत शंका नाही. पण कॅज्युअल्टीपुरता धडा निराळा आहे. मुलाने घरी कोणते औषध घेतले आणि लघवी शेवटची कधी झाली, हे दोन प्रश्न पहिल्याच दारात विचारून लिहून ठेवण्याची शिस्त असेल, तर अनेक घरांतील एकच बाटली लवकर नजरेस येते.

म्हणून आईबापांसही आमचे सांगणे आहे. निघताना औषधाची बाटली आणि जुने कागद पिशवीत टाका. झटका आलेल्या मुलास कुशीवर वळवा. त्याच्या तोंडात चमचा घालू नका, शुद्ध नसताना पाणी पाजू नका आणि कांदा किंवा चप्पल हुंगविण्यात घटका दवडू नका. थांबलेले असताना मूल अधिक मलूल झाले, तर गप्प न बसता पुन्हा सांगा. आयुष्मान कार्ड असेल तर तेही बरोबर घ्या. योजनेतील रुग्णालय परराज्यात असले तरी ते चालते, ही गोष्ट सीमेवरील कित्येकांस ठाऊक नसते. सीमेपलीकडच्या मराठी माणसास जळगाव जवळचे वाटते ते केवळ भाषेमुळे नव्हे. मुलाला काय होते आहे, हे बाईला आपल्या बोलीत सांगता येते.

दोन्ही राज्यांच्या आरोग्य खात्यांकडे आमची मागणी अगदी लहान आहे. कॅज्युअल्टीच्या दारावर, कोणते मूल आधी आत घेतले जाईल याचा फलक लावावा. बऱ्हाणपुरात तो हिंदीबरोबर मराठीत आणि उर्दूतही असावा. आणि पुढे पाठविण्याच्या चिठ्ठीवर चार रकाने छापावेत: मूल किती वाजता आले, वजन किती, येथे काय दिले आणि पुढील रुग्णालयात फोनवर कोणाशी बोलणे झाले. हे चार रकाने भरल्याखेरीज त्या चिठ्ठीवर कोणा डॉक्टरने सही करू नये.