बायोडेटातून गळलेले शाळेचे नाव

आपल्या शाळेतून बाहेर पडून नोकरीच्या शोधात असलेल्या मुलामुलींचे बायोडेटा तपासून, दुरुस्त करून देण्याचे काम आम्ही काही माजी विद्यार्थी गेली काही वर्षे करीत आलो आहोत. हे काम करताना एक गोष्ट आमच्या ध्यानात आली. स्मरणिकेत गौरवाच्या गोष्टी छापाव्यात हा संकेत आम्हांला ठाऊक आहे. तरीही ती गोष्ट इथेच मांडावी असे वाटते, कारण ती या शाळेच्या नावाशीच निगडित आहे. या बायोडेटांतून शाळेचे नाव नाहीसे होऊ लागले आहे. पदवी असते, बारावीची टक्केवारी असते, संगणकाचा कोर्स असतो. परंतु पाचवीपासून दहावीपर्यंत ज्या वास्तूत हे मूल राहिले, जेवले, वाढले, तिचा उल्लेख नसतो. वसतिगृहाचा नसतो, शिष्यवृत्तीचा नसतो. विचारले तर उत्तर मिळते, “कन्सल्टन्सीवाल्या मॅडमनी काढायला सांगितलं. म्हणाल्या, गरज नाही त्याची.”

गरज का नाही, हे त्या मॅडम सांगत नाहीत. सांगण्याची आवश्यकताही नसते. सिद्धार्थ, मिलिंद, नालंदा, तक्षशिला, राहुल, सुजाता ही नावे आपल्या लोकांनी आपल्या संस्थांना मोठ्या अभिमानाने दिली आणि महाराष्ट्रातील कोणताही अधिकारी ती वाचताच अर्जदार कोणत्या समाजातला आहे हे ताडतो. आडनावावरून राहिलेली शंका शाळेच्या नावाने फिटते.

हा आमचा संशयी स्वभाव आहे, असे कोणास वाटू नये. डॉ. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी या प्रश्नाचा शास्त्रशुद्ध अभ्यास केला आणि तो २००७ साली ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त प्रसिद्ध झाला. वर्तमानपत्रांतील खासगी नोकऱ्यांच्या ५४८ जाहिरातींना त्यांनी ४,८०८ अर्ज पाठविले. पात्रता तुल्यबळ, फरक केवळ नावांचा: काही नावे उच्चवर्णीय हिंदूंची, काही दलितांची, काही मुस्लिमांची. पुढील फेरीसाठी बोलावणे येण्याची शक्यता दलित नावाच्या अर्जाला उच्चवर्णीय नावाच्या तुलनेत सुमारे दोनतृतीयांश, तर मुस्लिम नावाच्या अर्जाला सुमारे एकतृतीयांश एवढीच निघाली. त्याच सुमारास सुरिंदर जोधका आणि कॅथरिन न्यूमन यांनी कंपन्यांच्या मनुष्यबळ अधिकाऱ्यांशी बोलून दाखवून दिले की, आम्ही केवळ गुणवत्ता पाहतो असे म्हणणारे हे अधिकारी मुलाखतीत उमेदवाराची ‘कौटुंबिक पार्श्वभूमी’ मात्र आवर्जून विचारतात. वडील काय करतात, या साध्या दिसणाऱ्या प्रश्नापाशी आपली मुले का अडखळतात, हे ऊसतोडीच्या फडावरून मुलाला शाळेत पोहोचविणाऱ्या पालकांना वेगळे सांगायला नको.

जाहिरातींची जागा आता संकेतस्थळांनी घेतली आहे. तिथे जात विचारली जात नाही, हे खरे. पण आडनाव, शाळा, गाव आणि छायाचित्र यांतून जे कळायचे ते कळतेच. पूर्वी रोजगार विनिमय केंद्रात जातीचा रकाना उघडपणे असे आणि तो हक्क देण्यासाठी असे. इथे रकाना नाही आणि हक्कही नाही. ओळख तेवढी शिल्लक आहे.

रोजगार विनिमय केंद्राचा विषय निघालाच आहे, तर थोडे सांगायला हवे, कारण आजच्या मुलांना ते कार्डही माहीत नाही. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात १९४२ ते १९४६ या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर मजूरमंत्री होते. त्यांच्याच खात्यात १९४५ साली पुनर्वसन व रोजगार महासंचालनालय उभे राहिले आणि देशभर विनिमय केंद्रांचे जाळे विणले जाऊ लागले. महायुद्धातून परतणाऱ्या सैनिकांसाठी निघालेली ही व्यवस्था पुढे सर्वांना खुली झाली. नोंदणीला पैसा लागत नसे, क्रमांक मिळे आणि त्या क्रमांकाने माणूस रांगेत उभा राही. आम्ही त्या केंद्रांचे गोडवे गात नाही. कार्डाचे नूतनीकरण करीत वय उलटून गेलेले लोक आपल्या प्रत्येक वस्तीत आहेत. १९५९ च्या कायद्याने सार्वजनिक आस्थापनांवर आणि पंचवीस किंवा अधिक कामगारांच्या खासगी आस्थापनांवर रिक्त जागा कळविण्याचे बंधन घातले, पण त्याच यादीतून माणूस घेण्याचे बंधन घातले नाही, आणि त्या फटीतून सारे निसटले. तरीही काम शोधणाऱ्याकडून पैसा घ्यायचा नाही आणि त्याची नोंद सरकारने ठेवायची, ही कल्पना मोलाची होती. आज तिची जागा ज्यांनी घेतली, त्यांचा हिशेब निराळा आहे.

तो हिशेब पालकांनी समजून घेतलाच पाहिजे. कायम नोकरीवर माणूस पुरविल्याबद्दल एजन्सीला कंपनीकडून वार्षिक पगाराचा काही हिस्सा मिळतो, ८.३३ टक्के हा सर्रास चालणारा दर, म्हणजे एका महिन्याचा पगार. संकेतस्थळे कंपन्यांकडून जाहिरातीचे आणि बायोडेटांचा साठा चाळू देण्याचे पैसे घेतात. म्हणजे दोन्हीकडे गिऱ्हाईक आहे ती कंपनी. आपला मुलगा गिऱ्हाईक नाही. तो त्या साठ्यातला एक नग आहे. जागा अस्तित्वात नसतानाही केवळ साठा वाढविण्यासाठी जाहिरात झळकते आणि मुले रात्र-रात्र जागून अर्ज भरतात. ‘काम मिळेल’ या आशेवर भरलेला फोन नंबर पुढे विम्याच्या, कर्जाच्या, कोर्सच्या फोनांनी वाजत राहतो. कामाचा फोन तेवढा येत नाही.

आमच्या मते या साऱ्यात सर्वांत घातक आहे ते हे उत्तर न येणे. नकाराचे आपल्याला भय नाही; नकार पचवीतच आपण इथवर आलो. पूर्वी निदान ‘आपली निवड करता येत नाही याबद्दल दिलगीर आहोत’ असे टंकलिखित पोस्टकार्ड येई. ते घरी आले की विषय संपे आणि दुसरा अर्ज निघे. आता अर्ज ‘पाहिला गेला’ एवढेच पडद्यावर दिसते आणि पुढे काही घडत नाही. तीनदा मुलाखत झालेल्या आमच्या एका माजी विद्यार्थिनीला एजन्सीने “दोन दिवसांत कळवतो” असे सांगितले. त्यानंतर तिचा फोनही कोणी उचलला नाही. कशात कमी पडलो हे कळले नाही, तर सुधारायचे काय? संगणकाची चाळणी शब्द जुळले नाहीत म्हणून अर्ज बाजूला टाकते की आडनाव वाचून कोणी माणूस टाकतो, हे अर्जदाराला कधीच कळत नाही. मग तो दोष स्वतःकडे घेतो. गावात वडील रोज संध्याकाळी विचारतात, “काय झालं रे त्याचं?” पहिल्या पिढीतल्या पदवीधराजवळ या प्रश्नाला देण्याजोगे काहीच नसते. शेजारचे म्हणतात, शिकून काय उपयोग झाला? आणि धाकट्या भावंडाला शाळेतून काढण्याचा विचार त्या घरात डोकावू लागतो. अनुत्तरित अर्जाची किंमत अशी दुसरेच कोणीतरी मोजते.

पैसे उकळणाऱ्यांविषयी फार लिहीत नाही. त्यांना ओळखणे सोपे आहे. नोंदणी शुल्क, लॅपटॉपची अनामत, प्रशिक्षणाची फी अशा कोणत्याही नावाने नोकरीआधी पैसे मागणारा माणूस नोकरी देणारा नसतो. परदेशी पाठविणाऱ्या एजंटाकडे १९८३ च्या उत्प्रवासन कायद्याखालील नोंदणी हवी आणि त्याला सेवाशुल्क म्हणून जास्तीत जास्त तीस हजार रुपये आणि त्यावरील कर एवढेच घेता येते. दोन लाख मागणाऱ्याला हा नियम दाखवावा. तथागतांनी उपासकाला वर्ज्य सांगितलेल्या पाच व्यापारांत प्राण्यांचा, माणसांचा व्यापार येतो. प्रत्येक एजन्सीला आम्ही त्यात ढकलीत नाही, प्रामाणिकपणे काम देणारेही आम्ही पाहिले आहेत. परंतु बेकाराच्या आशेवर जगणे ही सम्यक आजीविका नव्हे, एवढे म्हणण्यास आम्ही कचरत नाही.

खासगी क्षेत्रापुरतेच हे असते, तर निदान सरकारी नोकरीकडे बोट दाखविता आले असते. पण ६ सप्टेंबर २०२३ रोजी राज्य सरकारने शासन निर्णय काढून शासकीय कार्यालयांना नऊ खासगी संस्थांमार्फत बाह्यस्रोताने मनुष्यबळ घेण्याची वाट मोकळी केली. राज्यभर विरोध झाला आणि ऑक्टोबरात तो निर्णय मागे घेण्यात आला. तो मागे गेला म्हणून निश्चिंत व्हावे असे आम्हांला वाटत नाही, कारण कंत्राटी पद्धत त्याआधीही होती आणि नंतरही आहे. इस्पितळातील परिचारिका, कार्यालयातील डेटा एन्ट्री ऑपरेटर, दारावरचा रखवालदार काम सरकारचे करतात आणि पगार एजन्सीकडून घेतात. अशा भरतीत बिंदुनामावली कोण तपासणार? संविधानाने दिलेली राखीव जागा कोणी रद्द केलेली नाही. ती जागाच एजन्सीच्या दारी नेऊन ठेवली जात आहे. आपली शाळा ज्या पिढ्यांच्या जोरावर उभी राहिली, त्या रेल्वे, टपाल, महापालिका आणि शिक्षण खात्यातील आरक्षणाच्या नोकरीवरच्याच होत्या, हे देणगीदारांची जुनी यादी चाळली तरी दिसेल.

मग बायोडेटात शाळेचे नाव लिहावे की नाही? मुलांना आम्ही सक्ती करीत नाही. घरचे भाडे थकलेल्या मुलाला स्वाभिमानाचे धडे देण्याचा अधिकार पगार सुरू असलेल्या माणसांना नाही. परंतु जे आज कंपन्यांत, बँकांत, विद्यापीठांत स्थिरावले आहेत, त्या माजी विद्यार्थ्यांकडून आमची अपेक्षा वेगळी आहे. त्यांनी आपल्या नावापुढे ही शाळा उघडपणे लिहावी. मनुष्यबळ विभागात असलेल्यांनी निदान आपल्या टेबलावरील प्रत्येक अर्जदाराला, मग तो कोणत्याही समाजाचा असो, लेखी उत्तर जाईल असे पाहावे. आपल्या कार्यालयात जागा निघाली, तर ती शाळेला कळवावी. इतर समाजांत हे शतकानुशतके चालत आले आहे आणि त्याला कोणी वशिला म्हणत नाही, ‘रेफरन्स’ म्हणतात. आपल्यातले काही जण मात्र वर गेल्यावर ओळख लागू नये म्हणून आपल्याच मुलांचे फोन टाळतात. हे कटू आहे, पण आम्ही ते पाहिले आहे.

शाळेच्या कार्यालयात एक नोंदवही ठेवली आहे. डाव्या पानावर काम हवे असलेल्यांची नावे, शिक्षण आणि तारीख. उजव्या पानावर काम सुचवू शकणाऱ्यांचे खाते, शहर आणि दूरध्वनी. डावी पाने भराभर भरत आहेत. स्नेहसंमेलनाच्या दिवशी ती वही सभागृहाच्या दाराशी, बुद्धवंदनेच्या मेजाशेजारी ठेवलेली असेल, आणि पेनही असेल.