तामचिनीच्या पाट्या

आपल्यापैकी अनेक घरांत तामचिनीची एखादी रकाबी अजून निघेल. पांढरी, काठाला निळी रेघ, कुठेतरी टवका उडून आतले काळे लोखंड दिसणारी. जुन्या रेल्वे स्टेशनांवरच्या चकचकीत पाट्या या रकाबीच्याच थोरल्या बहिणी. पत्र्यावर काचेची बारीक भुकटी चढवायची आणि सुमारे ८०० अंशांच्या भट्टीत भाजायची, की काच वितळून पत्र्याशी एकजीव होते. नव्या रंगासाठी पुन्हा भाजणी. ऊन-पावसाने हा रंग सहसा विटत नाही. पाटी मरते ती टवक्यातून शिरलेल्या गंजाने. ही विद्या काही संपलेली नाही. चाकणला रॅकोल्डचा गिझरचा कारखाना आहे. गिझरच्या टाकीला आतून असाच काचेचा थर देतात.

खंडाळा ते पुणे रेल्वे १८५८ साली सुरू झाली. तेव्हापासून या मार्गाने नावांची किती उलथापालथ पाहिली! ‘पूना’चे पुणे झाले, ‘किर्की’ची खडकी झाली. रेल्वेच्या दफ्तरात मात्र खडकीची खूण अजून ‘के के’ अशीच आहे, जुन्या किर्कीच्या स्पेलिंगवरून. पाटी उतरली, पण अक्षरे चिकटून राहिली.

पण आम्हाला सांगायचे आहे ते दुसऱ्याच पाट्यांविषयी. स्वातंत्र्यापूर्वी देशातल्या अनेक स्टेशनांवर ‘हिंदू पाणी’ आणि ‘मुस्लिम पाणी’ अशी वेगळी सोय असे, तशा पाट्याही असत. चहासुद्धा वेगळा. लाल किल्ल्यात ठेवलेल्या आझाद हिंद सेनेच्या कैद्यांनाही असाच वाटलेला चहा मिळे. ते दोन्ही चहा एकत्र ओतत आणि निम्मा निम्मा पीत. हे त्यांनी गांधीजींना सांगितले होते. मुहर्रमची सबील लावताना येणाऱ्याला कोणी नाव विचारत नाही. तहानलेल्याला पाणी पाजणे हा मोठा सदका आहे, हे आपल्याकडे पोरासोरांनाही ठाऊक असते. तरी या पाट्यांखाली आपलेही वाडवडील मुकाट्याने रांगेत उभे राहिले, हेही तितकेच खरे.

मग अशी पाटी कुठे सापडली तर काय करावे? काहींना वाटते, नष्ट करावी. उगाच जखम कशाला उकरायची? आम्हाला तसे वाटत नाही. ती संग्रहालयात, लोकांच्या नजरेसमोर राहावी. पाटी नसली की पुढे कोणीही सहज म्हणेल, असे काही नव्हतेच.

आणि वेळ फार नाही. चिंचवड, आकुर्डी, देहूरोड, तळेगाव ही स्टेशने ‘अमृत भारत’ योजनेत आली आहेत. सुधारणा हवीच, जिने, शौचालये, बसायला जागा, सगळे हवे. पण काम सुरू झाले की जुने लोखंड लिलावात जाते आणि तिथे पाटीचा भाव किलोवर ठरतो. भंगाराच्या धंद्यात आपली माणसे पुष्कळ. फेब्रुवारी २०२५ मध्ये कुदळवाडीत बुलडोझर फिरले, तेव्हा त्यांतल्या कितींची दुकाने-गोदामे गेली. जुनी वस्तू हातात घेताच ओळखणारी नजर त्यांच्यापाशी असते. स्टेशनची एखादी पाटी हाती लागली, तर ती वितळायला पाठवण्याआधी फोटो तरी काढून ठेवावा, एवढे त्यांना सांगणे. ॲसिडने मात्र घासू नये. काचेची झिलई जाते. साबणाचे पाणी आणि मऊ कापड पुरे.

घरातले जुने आल्बमही एकदा उघडा. हजला निघालेल्या आजोबांना पोहोचवायला सगळे घर फलाटावर जमलेले असते. त्या गर्दीच्या मागे, खांबावर काय लिहिले आहे ते जरा पाहा.