‘गाडी जुनी झाली, मॅडम’



श्रावणात सांगलीहून कोल्हापूरला निघाले होते. मागे सासूबाई आणि धाकटी. जयसिंगपुरात फुलं घ्यायला मागची काच खाली केली, ती पुन्हा वर येईचना. बटण दाबलं की दारातून घर्रघर्र आवाज यायचा, काच मात्र तसूभर हलायची नाही. हातकणंगल्याच्या अलीकडे पावसाने गाठलं. उघड्या खिडकीला टॉवेल धरून सासूबाई भिजत बसल्या आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी सर्व्हिस सेंटरला गेले. तिथल्या मुलाने बटण एकदाच दाबलं. दार उघडून बघितलंसुद्धा नाही. म्हणाला, "मोटरसकट पूर्ण असेंब्ली बदलावी लागेल, ८,६०० रुपये. तशी गाडी जुनीच झाली, मॅडम. सरांशी बोलून कळवा."

गाडी माझ्या नावावर आहे. गेली १४ वर्षं मीच चालवते. सरांना तिच्या टायरमधली हवासुद्धा ठाऊक नाही! घरी आले तर घरच्यांचंही तेच, "काढून टाक आता." मला राग आला तो या दोन्ही वाक्यांचा. एका काचेसाठी गाडी काढायची? आणि बिघाड काय आहे ते मला सांगायचंच नाही?

मग मी गल्लीतल्या जुन्या गॅरेजवाल्या काकांकडे गेले. त्यांनी बटण दाबून कान दिला आणि म्हणाले, "ताई, मोटर बोलतेय. ती चांगली आहे." दाराचं पॅड उघडून त्यांनी मला आत दाखवलं. मोटर एक बारीक तार ओढते, ती तार काचेला वरखाली नेते. आमची तार झिजून तुटली होती. नवी तार बसवलेली मशीन आणली, जुनी मोटर तिलाच जोडली. मजुरीसकट २,१०० रुपये.

आता तुम्हीच सांगा, चांगली मोटर कचऱ्यात कशासाठी टाकायची होती? ताटात शीत टाकलं तर आपण मुलांना रागावतो, पाणी गाळताना थेंब सांडू देत नाही. मग कोणी कोट घातलेला माणूस "पूर्ण बदला" म्हणाला की आपली जीभ का अडकते?

काही गाड्यांचा सुटा भाग मिळतच नाही, असेंब्लीच घ्यावी लागते, हे मला मान्य आहे. पण तसं असेल तर तसं सांगावं. आधी दार उघडून बघावं, मग किंमत सांगावी.

आपणही थोडं शिकून घेतलं पाहिजे. मोटरचा आवाज येतो पण काच हलत नाही, तर बहुधा तार किंवा काच धरणारी क्लिप गेलेली असते. आवाजच नसेल तर ड्रायव्हरच्या दारावरच्या बटणाने काच चालते का बघा. चालली तर मोटर ठीक आहे, त्या दाराचं बटण तपासायचं. त्याआधी मुलांनी विंडो लॉकचं बटण दाबून ठेवलं नाही ना, तेही पाहा. सगळ्याच काचा एकदम बंद पडल्या तर आधी फ्यूज बघायला सांगा. काच कुरकुरत, हळू चढत असेल तर बहुधा कडेचं रबर सुकलेलं असतं. ते पुसून सिलिकॉन स्प्रे मारा. घरातलं तेल लावू नका, त्यावर धूळ बसते आणि काच जास्तच अडते. हे वेळेवर केलं तर मोटरवर ताण येत नाही.

वाटेत अडकलात तर एकीने बटण दाबावं, दुसरीने काच दोन्ही तळहातांत धरून हलकेच वर ओढावी. वर आली की दाराच्या चौकटीवरून रुंद चिकटपट्टी लावा. बोटं कडेपासून लांब ठेवा आणि दुरुस्त होईपर्यंत त्या खिडकीशी मूल बसवू नका. दाराचं पॅड मात्र स्वतः उघडू नका, काच आत निसटू शकते.

आणि गॅरेजमध्ये एवढं विचाराच: "नेमकं काय तुटलंय? मला दाखवा. जुना भाग माझ्या हातात द्या." गाडी तुमची, पैसे तुमचे. विचारायला लाज कसली?

आमची तुटलेली तार मी डबीत घालून ठेवली आहे. पुढच्या सर्व्हिसिंगला त्या मुलाला दाखवणार आहे. सरांना नेणार नाही, सासूबाईंना नेणार आहे. भिजल्या त्या होत्या.

जय जिनेंद्र.